महाराजांच्या डोळ्यांत साबण

“वेट म्हणजे काय?” रंगराव महाराज भर दरबारात गरजले.

झालं होतं असं, की सोनखांब संस्थानच्या या महाराजांना मोटार घ्यायची होती. त्यासाठी परवानगी हवी गोऱ्या साहेबाची. साहेबाचं उत्तर आलं, तेही एकाच इंग्रजी शब्दाचं. वेट!

“थांबणे, सरकार,” इंग्रजीचे मास्तर चाचरले. “धीर धरणे. वाट बघणे.”

“ते आम्ही जन्मात केलेलं नाही, मग कळणार कसं? आम्ही मागतो, लोक आणून देतात! या शब्दाचा अर्थ, उगम आणि वापर जो आमच्या गळी उतरवेल, त्याला मागेल ते देऊ. न जमलं, तर तो संस्थानाबाहेर!”

मास्तरांची रवानगी तिथल्या तिथे झाली. मग शास्त्रीबुवा व्याकरण घेऊन आले आणि मास्तरांच्या मागोमाग गेले.

राहीबाईने हे चुलीत लाकूड सारता सारता ऐकलं. महाराजांच्या न्हाणीघरामागे ती पाणी तापवायची. तिने बाहेरून पन्हळीत घागर ओतली, की आत महाराजांच्या डोक्यावर धार पडायची. तिच्या लेकीचं लग्न वर्षभर अडलं होतं. वाड्यावरच्या नोकरांच्या घरी महाराजांनी हो म्हटल्याशिवाय मांडव पडत नसे, आणि महाराजांना हो म्हणायला फुरसत नव्हती! देवडीवर रोज एकच उत्तर, “नंतर ये.” आता नवऱ्या मुलाकडचे दुसरी मुलगी बघायला निघाले होते. राहीबाईचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

दुसऱ्या सकाळी महाराजांनी अंगाला-तोंडाला विलायती साबण फासला आणि हाक मारली, “पाणी!”

पाणी आलं नाही.

“अगं राही, पाणी!”

“वाईच थांबा, सरकार,” भिंतीपलीकडून आवाज आला.

“डोळे चुरचुरतायत!”

“धीर धरा.”

“मेलो, मेलो! कधी ओतणार?”

“वाट बगा.”

संस्थानचे धनी पंचा सावरत पाटावर नाचू लागले. “मुंडकं उडवीन तुझं!”

“उडवा की! पर मग पानी कोन वतनार?”

बाहेर राहीबाईने भरलेली घागर उचलून पन्हळीशी धरली. “सरकार, आत्ता जे करताय, त्येलाच सायेब वेट म्हनतो!”

“कळला अर्थ!” महाराज कण्हले. “आणि उगम?”

“ज्याच्या हातात पानी, त्यो म्हनतो. ज्याच्या डोळ्यांत साबन, त्येला कळतं. आमचा वेट तुमच्या देवडीवर जन्मला, तुमचा सायबाच्या!”

आणि तिने एक घागर ओतली. डोळे उघडताच महाराजांना हसू आवरेना. “शाब्बास! माग काय हवं ते!”

“माज्या लेकीच्या लग्नाला हो म्हना, सरकार.”

“एवढंच ना? बघू की सावकाश, दसरा होऊ दे...”

बाहेर घागर जमिनीवर टेकल्याचा आवाज आला.

“वापर सांगायचा ऱ्हायला, सरकार. म्या एकच घागर वतलीया. निम्मा साबन अजून अंगावरच असंल, न्हाई का?”

महाराज पोट धरधरून हसले. “हो! आत्ता हो! मांडव वाड्यातच घाला, मास्तरांना अन् शास्त्रीबुवांनाही जेवायला बोलवा! पण आधी ओत, बाई, ओत!”