जाळीवरची हिरवी गाठ

“मग काय, खोट्याखाली सही करू मी?”

शर्वाणीबाईंनी घटस्फोटाचा अर्ज याकूबबाबांच्या पुढ्यात आपटला. टेकडीवरच्या दर्ग्यातला हा म्हातारा फकीर कबुतरांना ज्वारी टाकत होता. तो टाकतच राहिला.

अर्ज दोघांच्या संमतीचा होता. घर, दागिने, पोरीचं शिक्षण, सगळं ठरलं होतं. गाडं अडलं होतं एका ओळीवर. ‘पत्नीने माझ्या आजारी आईची सेवा केली नाही.’ नवऱ्यानं ती हट्टानं घातली होती. बाई पडल्या मुख्याध्यापिका. त्यांनी त्या ओळीखाली लाल पेनानं तीन रेघा ओढल्या होत्या.

“सहा वर्षं, बाबा! सहा वर्षं त्या म्हातारीचं हगणंमुतणं काढलं मी. त्याला एकदा ‘चुकलो’ म्हणू दे, लगेच सही करते.”

“नाही म्हणाला तर?”

“तर लढेन.”

“आणि पोर?”



उद्या अकरा वाजता सही झाली नाही, तर दावा उभा राहणार होता. मग नऊ वर्षांच्या इराला न्यायाधीश विचारणार, आई हवी की बाबा. इरा कालपासून धड जेवली नव्हती. बाईंना ते दिसत होतं, पण सुंभ जळला तरी पीळ जात नव्हता.

“मागं इथं जाळीला गाठ बांधली होतीस ना?”

“हो. त्यानं चूक कबूल करावी म्हणूनच बांधली होती.”

“जा, सोडून ये.”

“पण नवस फळल्यावर सोडतात ना?”

“जा तर खरी...”

बाई तणतणत जाळीपाशी गेल्या. त्यांचा धागा हिरवा होता, तीन गाठींचा. इथं तर हजारो धागे, आणि उन्हापावसानं सगळे एकजात मातकट झालेले. त्यांनी वरची रांग पाहिली, खालची पाहिली, पुन्हा वरची पाहिली. अनवाणी पाय फरशीवर भाजू लागले. एक धागा आपला वाटला, त्याला दोनच गाठी निघाल्या.

तेवढ्यात एक बाई पेढ्यांचा पुडा घेऊन आली. हाताला लागला तो धागा तिनं सोडला आणि माथा टेकवला.

“अहो, तो तुमचाच होता कशावरून?” शर्वाणीबाईंना राहवेना.

“कुणाचा का असंना! आपलं काम झालं, की हाताला यील तो सोडायचा. इथली रीतच हाय तशी.” तिनं शर्वाणीबाईंच्या हातावर एक पेढा ठेवला आणि ती पायऱ्या उतरून गेली.

बाई आणखी थोडा वेळ शोधत राहिल्या. मग घामाघूम होऊन परत आल्या. हातातला पेढा पार चेपला होता.

“बाबा, माझी गाठ काही सापडत नाही.”

“किती वेळ शोधलीस?”

“तास झाला असेल.”

बाबांनी उरलेली ज्वारी कबुतरांपुढं पसरली. अर्ज उचलला, त्याच्यावरची धूळ झटकली आणि सहीची जागा वर करून तो बाईंच्या हातात दिला.

“तुझी केव्हाच कुणीतरी सोडून गेलं असेल, बेटी... तू कुणाची सोडणार?”