येसाईचा शिंपला

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची म्हणाल, तर बेलदऱ्याच्या महादेवापुढचा पिंपळ तेव्हा बकरीच्या तोंडाला येत होता. आज त्याच्या सावलीत सात बैलगाड्या सुटतात. त्या काळी देवळाची पूजा येसाई नावाच्या गुरविणीकडे होती. नवरा लवकर गेला, पोटी मूल नाही, माहेरीही कोणी उरलं नव्हतं. पण बाई कधी कुरकुरताना दिसली नाही.

दर सोमवारी पूजा आटोपली की येसाई ओट्यावर पाटा मांडायची. चिमूटभर भांग, चार मिरी, थोडी बडीशेप बारीक वाटायची आणि दुधात कालवायची. त्यातून एक शिंपला भरून घ्यायची. शिंपला नदीतला, अंगठ्याएवढा. तो प्यायला की डोळे मिटून बसायची आणि भरलेलं काय काय आहे ते देवाला सांगायची. रांजण भरलाय. सरपण कोरडं आहे. शेजारच्या बाळंतिणीला दूध उतरलंय. शेवटी म्हणायची, "शंभो, भरल्याला भरलं म्हणू दे, उरल्याला वाटू दे."

लोकांना हसू यायचं. सगळं जग देवापुढे नसलेलं मागतं आणि ही असलेलं सांगते! गावातले वडीलधारे आबा म्हेत्रे एकदा म्हणाले, "येसाई, देवाला काय दिसत न्हाई व्हय?"

"त्याला दिसतंय की, आबा. मलाच दिसत न्हाई, म्हणून सांगती."

"आन् भांग कशापायी?"

"मन लई पळतं. शिंपलाभर घेतली की वाईच बसतं. त्याच्या वर गेलं तर आपण भांग पीत न्हाई, भांग आपल्याला पिती."

असं म्हणतात, की तिच्या घरून उपाशी कोणी परतला नाही. कणगी म्हणाल तर गुडघ्याएवढी होती.

तिचा दीर होता कोंडाजी. त्याच्या दारात बैलजोडी, घरात चार लेक, पण डोळा सगळा भावाच्या पूजेवर. बाईच्या हाती पूजा शोभत नाही, असं तो चावडीवर बसून सांगायचा. महादेवाला शोभत होतं, याला शोभत नव्हतं. पूजा गेली असती तर येसाईला गाव सोडावं लागलं असतं, आणि तो पाटा, तो ओटा, ती पिंड सोडून जगायचं कसं हे तिला माहीत नव्हतं.

एका वर्षी गुरांना खुरकूत आली. गायी-म्हशी आटल्या. महाशिवरात्रीला देवळात येईल त्याला भांगेचा प्रसाद देण्याची रीत होती, आणि दूध तर गावात औषधालाही मिळेना. कोंडाजीने नेमका डाव साधला. पंचांपुढे म्हणाला, "परसाद शेवटच्या माणसापोतूर पोचला तर पूजा वयनीची. मधीच सरला तर माझी." आबांना ते पटलं नव्हतं, पण रीत ती रीत. त्यांनी मान हलवली.

शिवरात्रीच्या सकाळी साऱ्या गावातून मिळून एक चरवी दूध जमलं. येसाईने वाटण कालवलं आणि ती बेल आणायला गेली. तेवढ्यात कोंडाजी आला. त्याने विचार केला, की प्यायलो तर प्रसाद सरेल, आणि जितकी जास्त भांग पोटात तितका महादेव जास्त प्रसन्न, म्हणजे दोन्हीकडून फायदाच. त्याने चरवी तोंडाला लावली.

येसाई परतली तेव्हा तळाला दोन शिंपले दूध उरलं होतं आणि रांग ओढ्यापर्यंत गेली होती. ती मटकन खाली बसली. रडली. ती काही दगडाची नव्हती. मग पदराने डोळे पुसले आणि सवयीने भरलेलं शोधू लागली. समोर होतं तेवढंच होतं. ती म्हणाली, "शंभो, दोन शिंपलं भरल्यात."

मग पहिल्या माणसाला हाक मारली. "घरातलं भरलेलं एक सांग, मग जिभेवर घे."

तो गोंधळला. डोकं खाजवून म्हणाला, "कोंबडी खुडूक हाय. पाटी अंड्यांनी भरलीया." दुसरी म्हणाली, सासूला दिसू लागलंय. एक म्हातारा म्हणाला, मला झोप लागते. प्रत्येक जण आधी आठवायचा, मग सांगायचा, मग शिंपला ओठाला लावायचा आणि हसत बाजूला व्हायचा. असं म्हणतात, की उन्हं कलली तरी चरवीच्या तळाशी दोन शिंपले दूध होतंच. काही जण म्हणतात, लोकांनी ओठच ओले केले, प्यायलं कोणी नाही. म्हणोत बापडे.

रांग संपली. आबांचा चेहरा उजळला. "पोचला न्हवं समद्यांना?"

हो म्हटलं असतं तर तिथेच निकाल लागला असता. येसाई म्हणाली, "न्हाई आबा. एक ऱ्हायलाय."

कोंडाजी नंदीपुढे बसला होता. नंदीला मामंजी, मामंजी म्हणत होता आणि बायकोच्या तक्रारी सांगत होता. मध्येच भूक लागली म्हणून रडत होता.

"अगं, त्यो तर चरवी पिऊन बसलाय," आबा म्हणाले.

"प्यालेत खरं. परसाद न्हाई घेतला."

तिने त्याला चिंचेचा कोळ पाजला. उपासाची म्हणून उकडलेली आपली दोन्ही रताळी त्याला सोलून भरवली आणि त्याच्याशेजारी बसून राहिली. दिवस बुडायला टेकला तेव्हा तो भानावर आला. येसाईने शिंपला पुढे केला. "भावजी, भरलेलं एक सांगा."

कोंडाजीने आठवलं. बैल आठवले, तर पाटलाचे त्याहून मोठे. शेत आठवलं, तर शेजाऱ्याचं त्याहून काळं. लेक आठवले, तर तेही ऐकत नव्हते. त्याला एकही भरलेलं सापडेना. शेवटी त्याने खाली पाहिलं, रताळ्याच्या साली दिसल्या, आणि त्याचे डोळे भरून आले.

"पोट," तो म्हणाला. "पोट भरलंय, वयनी."

त्याने शिंपला कपाळाला लावला, पंचांकडे वळला आणि म्हणाला, "पोचला. शेवटचा मीच व्हतो."

येसाई पुढे कधी गेली ते कोणालाच सांगता येत नाही. असं म्हणतात, की एका सोमवारी डोळे मिटून ती भरलेलं सांगत बसली, आणि ते सांगून संपलंच नाही.

बेलदऱ्यात अजून शिवरात्रीला तिचा शिंपला बाहेर काढतात. कधी त्यात भांग असते, कधी नुसतं दूध. भरलेलं एक सांगितल्याशिवाय तो कोणाच्या ओठाला लागत नाही. शेवटच्या माणसाला गुरवाच्या घरातली बाई आपल्या हाताने रताळं सोलून भरवते. आणि इतर देवळांत पुढे जायला लोक एकमेकांना ढकलतात; इथे दुपार झाली, की रांगेत शेवटी कोण उभं राहणार यावरून भांडणं लागतात.