पंतांची लालचुटुक मासळी

“माझी मासळी गेली कुठे?” सरकार तळ्याच्या काठावर गरजले.

हिरडपूरच्या या राजेसाहेबांना मरळी पाळायचा नाद होता. मरळ दुसऱ्या माशांवर जगते, म्हणून तिच्या चाऱ्याला वाड्यामागच्या तळ्यात बारीक मासळी सोडायचं ठरलं. हे काम मिळालं दरबारातल्या दाजीपंतांना. पंतांनी उभ्या आयुष्यात मासा पाहिला होता तो पोथीत, तोही कडेच्या नक्षीत! तरी त्यांनी गडी लावून नदीवरून दहा घागरी मासळी आणली आणि वाजतगाजत तळ्यात सोडली. तीन महिने झाले आणि आता त्यातली एकही दिसेना.

“चोरी, सरकार!” पंत म्हणाले. “राखणदार कोण? धर्मा भोई! भोयाला तळ्यावर ठेवणं म्हणजे मांजराला दुधाची राखण!”

झालं! सरकारांना तेवढं पुरलं. “धर्मा, दिवस मावळायच्या आत आमच्या हद्दीबाहेर चालता हो!”

म्हातारा धर्मा हात जोडून उभा राहिला. त्याची लेक भिवरा भाकरी घेऊन आली होती. तिनं फडकं खाली ठेवलं.

“सरकार, माजा बा चोर न्हाई. मासळीचा ठाव म्या लावते.”

“लाव की!” सरकार ओठ वाकडा करून म्हणाले. “पण जाळं टाकायचं नाही, गळ टाकायचा नाही, पाण्यात पाऊल घालायचं नाही. जमलं नाही तर बापाबरोबर तूही नीघ!”

“माशांना हाका मारणार वाटतं!” पंत खिदळले.

भिवरानं त्यांच्याकडे मोठ्या आदरानं पाहिलं. “पंत, तुमी आनलेली मासळी लई देखणी व्हती म्हनं?”

पंत फुगले. “देखणी? अगं, लालचुटुक! काळ्यापांढऱ्या दरिद्री मासळीला मी हातच लावू दिला नाही. शेकडो पिल्लं, सगळी एका पुंजक्यात! एक दांडगी मादी त्यांच्याभोवती सारखी घिरट्या घालत होती, तिला हाकलून पिल्लं उचलली. काठावरच्या भोयणी फिदीफिदी हसत होत्या. अडाणी मेल्या!”

“आसं व्हय!” भिवरा म्हणाली. तिनं एका टोपलीत कोंडा आणला आणि दुसरीत गवतातले नाकतोडे धरून आणले.

“बारीक मासळी कोंड्यावर तुटून पडती, सरकार. बघा.” तिनं कोंडा फेकला. कोंडा तरंगत राहिला, वर कोणीच आलं नाही.

“पाहिलंत? मासळी नाही. चोरी सिद्ध!” पंतांनी टाळीच वाजवली.

भिवरानं नाकतोडे फेकले. पाणी एकदम उसळलं! वीतवीतभर काळपट मासे जबडे पसरून वर आले, एक नाही, दोन नाही, डझनांनी!

सरकार दोन पावलं मागे सरले. “हे कोण? मी तर चारच मरळी सोडल्या होत्या!”

“पंतांच्या लेकी हायेत ह्या! मरळीची पिल्लं ल्हानपनी लाल असत्यात, आईसंगं पुंजक्यानं फिरत्यात. भोयाचं शेंबडं पोर बी वळखतं. आता मोठी झाली, रंग गेला, भूक वाढली.”

“मग माझी चाऱ्याची मासळी गेली कुठे?”

“गेली न्हाई, सरकार, ती कंदी आलीच न्हाई! लांडग्याला चारायला पंतांनी लांडग्याचीच पिल्लं आनली. मग माज्या बानं चोरायचं काय?”

पंत आपल्या पायातल्या जोड्यांकडे बघू लागले. सरकारांच्या मिशा हलायला लागल्या, पण त्यांनी हसू दाबलं.

“आणि एवढ्या मरळींची पोटं आता भरायची कशानं?”

“नाकतोड्यांनी. पंतांनी धरावेत की! इद्वान मानूस हाय. फकस्त पान्यात टाकायच्या आधी टोपली मला दाखवा म्हनावं, न्हाईतर रंग आवडला म्हनून विंचू आनतील!”

सरकार असे हसले की पागोटं सुटलं. हसता हसताच त्यांनी मनगटातलं सोन्याचं कडं काढून भिवराला दिलं, तळ्याचा सगळा कारभार धर्माच्या हवाली केला आणि रिकामी टोपली पंतांच्या हातात ठेवली.