मानेची चौकट

“हेल्मेट घालतो की, आण्णा. पण मानेला हे जोखड कशाला पायजे?”

धैर्यशीलने खांद्यांवर बसणारी ती कडक चौकट उचलली आणि तोंड वाकडं करून परत टेबलावर ठेवली. हेल्मेट तिला पट्ट्यांनी अडकवायचं, म्हणजे गाडी धडकली तरी डोकं पुढे फेकलं जात नाही. रविवारी त्याची पहिली शर्यत. दोस्तांनी फटाकेसुद्धा आणून ठेवले होते.

“तालमीत घाम गाळलाय मी. मल्लाची मान हाय ही!”

हिंदुराव आण्णा हसले. कोल्हापुरातल्या हौशी पोरांना शर्यतीची गाडी शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. असल्या बढाया त्यांना नव्या नव्हत्या.

“बरं, हेल्मेट कुठलं घेणार?”

“ते द्या तुमचं.” धैर्यशीलने गॅरेजच्या फळीकडे बोट दाखवलं. तिथे अंबाबाईच्या तसबिरीशेजारी एक जुनं हेल्मेट होतं, हळदकुंकू वाहिलेलं. “तुम्हाला वाचवलंय त्यानं. पावलेलं हाय.”

“एकदा दणका खाल्लाय त्यानं. वरनं चांगलं दिसतंय, आतनं गेलंय. तू नवंच घे, डोक्याला गच्च बसणारं.”

एवढं बोलून आण्णांनी उदबत्ती लावली आणि हेल्मेटपुढे हात जोडले.

“तुझं लई उपकार, बाबा,” ते रोजच्यासारखं पुटपुटले.

धैर्यशीलला राहवलं नाही.

“एवढं उपकार म्हणताय, आन् मान जरा बी वाकत न्हाई?”

आण्णा वळले. नुसती मान नाही, पायांपासून सगळेच वळले.

“वाकत न्हाई, लेका.”

“म्हंजे?”

“गाडी भिंतीवर गेली तवा डोकं ह्यानं राखलं. मानेला धरायला कोण न्हवतं. मोडली ती. आता आत सळ्या हायत.”



इतके दिवस धैर्यशील त्या ताठ मानेला आण्णांचा तोरा समजत होता. आरशापुढे उभं राहून त्याने तशी ऐट गिरवलीही होती. आता त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्याहून जास्त बरं वाटलं ते हा माणूस जिवंत आपल्यासमोर उभा आहे याचं. त्याचे डोळे भरून आले.

त्याने मुकाट्याने चौकट उचलली, खांद्यांवर ठेवली.

“नीट बसवून तुम्हीच द्या, आण्णा.”

आण्णांनी हात पुढे केले… आणि थांबले.

“आधी त्या हेल्मेटफुडं वाक. माझ्या वाटचं बी.”