भाऊबिजेची विहीर

फार जुनी गोष्ट आहे, इतकी जुनी की ती सांगणाऱ्यांचे सांगणारेही आता उरले नाहीत. उबदार समुद्रात तेव्हा एक चिमुकलं बेट होतं. चुलीवर भात ठेवून बेटाला वळसा घालायला निघालेला माणूस भात शिजायच्या आत घरी पोचायचा. भोवती पोवळ्यांच्या खडकांचं कडं होतं. मोठ्या लाटा तिथेच फुटायच्या, आतलं पाणी शांत असायचं. फार सुखाचे दिवस होते ते.

बेटाच्या मधोमध एक उथळ विहीर होती. पावसाचं गोडं पाणी वाळूत मुरायचं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहायचं. म्हणून जुनी रीत होती, पाणी करवंटीने वरवर घ्यायचं, विहीर खोल करायची नाही.

बेटाच्या मुखियाची धाकटी बहीण पलीकडच्या मोठ्या बेटावर दिली होती. भाऊबिजेला होडीतून उतरली की ती आधी विहिरीवर जायची. "दादा, सासरी नदी आहे रे, पण तिला ही चव नाही," असं म्हणायची.

एका वर्षी मुखियाच्या मनाने घेतलं, यंदा ओवाळणीत बहिणीला होडीभर हंडे द्यायचे, माहेरच्या पाण्याचे. आदल्या दिवशी त्याने कुदळ उचलली.

म्हातारी आई म्हणाली, "बाळा, साय हवी तर दूध ढवळू नये."

"तुझं आपलं काहीतरीच, आई. खोल गेलं की पाणी वाढतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं." बहिणीवरची माया हो, ती कुणाचं ऐकते?

पाणी खरंच वाढलं. पहिला घोट बहिणीचा, म्हणून मुखियाने ते चाखलंही नाही.

बहीण आली आणि ओंजळ भरून प्यायली.

"कसं आहे?"

"गोड आहे, दादा," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसू लागली.

तेव्हा मुखियाने घोट घेतला. तोंडात समुद्र आला.

किती पावसाळे गेले, विहीर खारी ती खारीच. माणसं पागोळ्यांचं पाणी साठवून आणि शहाळी पिऊन दिवस काढू लागली. लेकी माहेरचं काहीबाही सासरी नेतात, ही जगाची रीत. ही लेक मात्र दर भाऊबिजेला सासरच्या नदीचे हंडे भरून माहेरी आणू लागली. आईला पाजून झालं की ती भावापुढे तांब्या धरायची, आणि तो मान खाली घालून प्यायचा.

तात्पर्य : मायेपोटी केलेला अतिरेकही अतिरेकच असतो.