घाण्याचा बिल्ला

फार वर्षांपूर्वी एका पेठेत सुट्ट्या पैशांचा असा दुष्काळ पडला की रुद्राप्पा तेली सुट्ट्याऐवजी आपल्या घाण्याची खूण डागलेले लाकडी बिल्ले देऊ लागला. बिल्ला आणा, तेवढ्याचं तेल न्या.

भागूआजीला द्यायला काढलेल्या एका बिल्ल्याला गल्ल्यातला चांदीचा रुपया म्हणाला, "माझ्यावर राजाचा शिक्का आहे. तू तर चुलीतलं लाकूड!"

पुढच्याच आठवड्यात रुद्राप्पाचा घाणा जळाला. आजी बिल्ला घेऊन दारात आली. "रुद्राप्पा, आता हा चुलीत घालू का रे?"

"आजी, तू भांडं आण," म्हणून रुद्राप्पा गल्ल्यातले सगळे रुपये घेऊन शेजारच्या गावी तेल आणायला गेला. तिथल्या तेल्याने एकेक रुपया दगडावर वाजवून पाहिला. आपला तो रुपया मात्र त्याने परत केला. शिक्का जुन्या राजाचा होता.

संध्याकाळी रुद्राप्पाने बिल्ला उलटूनही न पाहता गल्ल्यात टाकला आणि आजीचं भांडं काठोकाठ भरलं.

रुपया हळूच म्हणाला, "तुला कुणीच कसं वाजवून पाहिलं नाही?"

"तुझा राजा कुठे असतो कुणास ठाऊक," बिल्ला म्हणाला. "माझा धनी इथे उंबऱ्यावर बसतो."