वानराचं सांत्वन

घरात बंदूक असणं मोठ्या घराण्यांना भूषण वाटे, त्या काळातली ही गोष्ट. एक इनामदार बायकामुलांसह शिकारीला आले आणि ओढ्याकाठी त्यांचे तंबू पडले. त्या जंगलात हरणं झाडाखाली चरत आणि फांदीवरून वानर पहारा करी. धोका दिसला की त्याने ओरडायचं, अशी जुनी रीत होती.

तंबूतल्या मुलांनी वानराला भुईमुगाच्या शेंगा टाकल्या. तो खात बसला. इनामदार बंदूक घेऊन त्याच्याच झाडाखालून गेले, तरी तो ओरडला नाही. हरिणीचं पाडस मारलं गेलं.

संध्याकाळी वानर सांत्वनाला आला. "हरिणीताई, त्याची वेळच आली होती. एका गोळीत सुटलं बिचारं. माणसं तशी घरंदाज आहेत हो!"

"वेळ आली नव्हती," हरिणी म्हणाली. "माणूस आला होता, आणि तो तुला दिसला होता."

वानर डोळे पुसू लागला.

"ते राहू दे. माझ्या बहिणीची दोन पाडसं अजून इथंच चरतात आणि तंबू अजून उठलेले नाहीत. खरंच वाईट वाटत असेल, तर वर जा आणि तोंड रिकामं ठेव."